चिंचेचा हिरवा

गावी घरासमोरच्या चिंचेखाली आई चिंचा फोडत बसली होती, तेव्हा मी तिचा फोटो काढला. लाल लुगडं, पुढ्यात सूप, आणि वर आभाळ झाकून टाकणारं झाड. सांगवीच्या आमच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हेच चित्र लावायचं, आणि तेही स्वतः भरून, असं मी ठरवलं. फोटोवरून चौकटींचा नमुना करून घेतला, मॅटीचं भलंमोठं कापड आणलं आणि क्रॉस स्टिचच्या फुल्या घालायला बसले.

नवरा म्हणाला, "एवढं मोठं? चादर भरतेयस का?"

सुरुवातीला हात थांबतच नव्हता. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बसमधून उतरले, की कधी एकदा कापड हातात घेते असं व्हायचं. आईचं लुगडं झालं, सूप झालं, तिच्या पायाखालची माती झाली. मग झाड आलं.

झाड म्हणजे नुसता हिरवा रंग. त्यात इतक्या जवळजवळच्या छटा, की ट्यूबलाइटखाली एकीपासून दुसरी ओळखू येईना. आठवडाभर भरावं आणि लांबून पाहावं, तर झाड होतं तेवढंच. त्यातच एकदा शेजारच्या वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, फोटो दिला की कापडावर छापून मिळतो हल्ली. हुबेहूब आणि घरपोच." वाईट हेतूने नव्हत्या म्हणाल्या, पण ते डोक्यात बसलं. पुढे एका रविवारी दिसलं, की वरची मोठी फांदी एक घर बाजूला सरकलीय. खोडाला येऊन मिळतच नाहीये. म्हणजे तिच्याभोवतीची सगळी पानं उसवणं आलं. मी सुई कापडात टोचली, सगळं उशीच्या अभ्र्यात कोंबलं आणि दिवाणात टाकून दिलं. कोणी विचारलं, की "कंपनीत ऑडिट आहे" म्हणायचे. ऑडिट होऊन गेलं तरी तेच म्हणत राहिले.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई आमच्याकडे राहायला आली. ऑपरेशन नीट झालं, नजर साफ झाली. एका दुपारी पांघरूण शोधताना तिला दिवाणात तो अभ्रा सापडला. तिने कापड पलंगावर पसरलं.

"हे माझं लुगडं हाय का गं?"

"हो."

"अन् झाड असं अर्धंच?"

"कंटाळा आला," मी खरं ते सांगितलं.

तिने त्या हिरव्यावरून हात फिरवला. "तोडलं ते झाड. रस्ता मोठा करायलेत ना. मी इकडं यायच्या आधीच गेलं."

"मला फोनवर सांगायचंस ना!"

"सांगून काय? तू हितं. झाड काय थांबणार होतं तुझ्यासाठी?"

पुरं कर, असं ती म्हणाली नाही. दुखणारे गुडघे दाबत जाऊन पडली. मी चहा ठेवायला उठले होते, ती परत बसले. बारीक कात्री घेतली आणि ती सरकलेली फांदी उसवायला लागले. जीव जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत मांडीवर हिरव्या दोऱ्यांचा ढीग झाला आणि कापड तिथे पुन्हा पांढरं झालं.

त्यानंतर मी फक्त उजेडात, गॅलरीत बसूनच भरायचं असं ठरवलं. चालू फांदी सोडून बाकीचं कापड गुंडाळून ठेवायचे, म्हणजे किती उरलंय ते दिसत नसे. ज्या दिवशी अजिबात इच्छा नसे, त्या दिवशीही सुईत ओवलेला दोरा तरी संपवायचा. कित्येकदा तेवढाच संपवून उठले. आई गावी परतली, उन्हाळा आला, घामाने सुई हातातून निसटायची. पुन्हा एकदा घरं चुकली, पुन्हा उसवलं. या वेळी कंटाळा आला नाही. रागच आला, आणि रागाच्या भरात ती फांदी इतर फांद्यांपेक्षा लवकर झाली.

शेवटचं पान भरलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात असं काही वाटलं नाही. मान आखडली होती. पण झाड पूर्ण होतं, आणि जवळून पाहिलं तर हिरव्याची प्रत्येक छटा वेगळी दिसत होती.

फ्रेम करून आणली, आणि हॉलच्या भिंतीवर न लावता एसटीत मांडीवर धरून गावी नेली. घरासमोरून आता रुंद रस्ता गेला होता, दारात सावली म्हणून नव्हती. आईने चित्र ओसरीत लावून घेतलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकीने खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं आणि विचारलं, "समदं हाय, पर झाडाखाली बांधलेली तुमची शेळी कुठंय ह्यात?"

"चरायला गेलीय," आई म्हणाली, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.