दिवाकररावांचा न घेतलेला चहा

पोह्यांवर कोथिंबीर पडते न पडते तोच दार वाजलं. प्रमोदिनीनं हात पुसत दार उघडलं. दिवाकरराव होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, तेलीबांध्याच्या तळ्याकाठी पहाटे ताई-ची ही संथ चिनी युद्धकला शिकवणारे. तिची लेक गंधाली त्यांची जुनी विद्यार्थिनी. पहिलं वर्षभर त्यांनी पोरीला नुसतं उभं राहायला लावलं होतं. "पाय जमिनीले ओळखू दे, मग हात हलव," म्हणायचे.

"या मास्तर," तिचा नवरा शिशिर पेपरामागून म्हणाला, "आज तरी चहा घेता, का चीनहून मागवू?"

प्रमोदिनीला ते लागलं. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्या घरी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आपल्या चहात काय खोट आहे, हे तिला कधी विचारता आलं नाही.

"घेऊ. आधी मले एक धक्का मारा, भाऊ."

शिशिर हसत उठला. भरदार गडी, दोन्ही हातांनी त्यानं म्हाताऱ्याच्या छातीवर जोर लावला. दिवाकरराव अडले नाहीत, भिडलेही नाहीत. छाती मऊ कणकेसारखी आत गेली, कंबर जराशी वळली, आणि शिशिर आपल्याच जोरानं सोफ्यात जाऊन पडला.

प्रमोदिनी दारापाशीच थबकली. देवळात घंटेचा नाद विरताना होतं, तसं तिच्या अंगभर काहीतरी झालं.

"मी काहीच केलं नाही," दिवाकरराव खुर्चीचा आधार घेत म्हणाले. "तुमच्या जोराले वाट दिली. पण आता गुडघे वाट देत नाहीत. पोरगा मले पुण्याले घेऊन चालला, कायमचा."

दारात गंधाली येऊन उभी होती. "फिर हमारी क्लास, सर?"

त्यांनी उत्तर प्रमोदिनीला दिलं. "वहिनी, कोलकात्याले माझे गुरू होते. चिनी माणूस, जोड्यांचं दुकान. त्यांच्यात रीत आहे. शिष्यानं गुरूले चहा द्यायचा. गुरूनं घेतला, की तो घरचा झाला. विद्या पुढं नेणं त्याच्यावर आलं. म्हणून शिकणाऱ्याच्या घरचा चहा मी कधी घेतला नाही. उगाच कोणाले बांधून काहून ठेवायचं?"

प्रमोदिनीनं लेकीकडे पाहिलं. गंधालीचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट होते, डोळे भरलेले. तिनं होकारार्थी मान हलवली.

प्रमोदिनीनं गॅसवर आधण ठेवलं.

"साखर कमी," दिवाकरराव म्हणाले. "आणि कप गंधालीच्या हातानं द्या."