बाभुळगावचा फॉरवर्ड

देवाने यवतमाळ जिल्ह्यासाठी राखून ठेवलेली सगळी उंची माझ्या कॉलेजातल्या एका मित्रावरच खर्च करून टाकली आणि आम्हा बाकीच्यांचे उरल्यासुरल्या मातीत कसेबसे भागवले, असे माझे ठाम मत आहे. बाभुळगावजवळच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. एसटीत बसला की त्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतत, म्हणून तो दाराशी वाकून उभा राही आणि लोक त्याला कंडक्टर समजून तिकीट मागत. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तो फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून बास्केट करणारा. हे काम त्याने इतके मनावर घेतले होते की एकदा त्याच्या हाती गेलेला चेंडू पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नसे. आम्ही ‘पास दे, पास दे’ करून घसा फोडायचो. तो उलट चिडायचा, “घरी बाप म्हणते पास हो, इथं तुमी म्हणता पास दे. मले जगू द्या ना बे!”

बी.ए. काही त्याला झाले नाही, पण मालदीवच्या एका क्लबाने त्याला पगारावर खेळायला नेले. त्याच्या आईला हे कधीच पटले नाही. “टोपलीत चेंडू टाकाचे पैसे देते? अन् इथं गाडीभर कापूस कोणी घेऊन नाही राह्यलं!”

त्या वर्षांत कापसाचे भाव पार पडले होते आणि जिल्ह्यात पाहणी पथकांचे पीक मात्र जोमात होते. असेच एक मंत्री आले. शेतकऱ्यांना सांगण्याजोगे जवळ काही नसल्यामुळे, सुट्टीवर आलेल्या आमच्या फॉरवर्डचा सत्कार ठरला. शाल पांघरायला मंत्र्यांना खुर्चीवर चढावे लागले. तिथूनच ते गरजले, “कापसाचं काय घेऊन बसलात? असे उंच व्हा!” आणि लगेच त्याला सरकारी नोकरी जाहीर केली. पोरगा आता इथेच राहणार म्हणून त्याची आई पदराने डोळे पुसू लागली. मग माइक त्याच्या हाती आला. जन्मात भाषण न केलेला हा गडी गर्दीत बसलेल्या बापाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “नोकरीचं राहू द्या साहेब. कापसाच्या भावाचं सांगा ना. हे लोक त्याच्याचसाठी आले.”

आणि मांडव उडेल अशा शिट्ट्या! मंत्र्यांना एकदम पुढचा कार्यक्रम आठवला. नोकरीही त्यांच्याच गाडीत बसून निघून गेली.

परत जाताना त्याला सोडायला मी यवतमाळच्या बसस्टँडवर गेलो. “कायले बोलला बे? आईकडं तरी पाहाचं,” मी म्हणालो.

“पायलं ना,” तो म्हणाला. “पण बाबा बी बसले होते तिथं.”

पुढे गुडघा गेला आणि खेळणे सुटले. आता तिकडेच पोरांना शिकवतो. रविवारी फोन करतो आणि इकडचेतिकडचे बोलून झाले की हळूच विचारतो, “कापूस फुटला का?”

“फुटला,” मी सांगतो. “तुमचं वावर पांढरं झालं सारं.”

तो फोन ठेवत नाही. मागे समुद्राचा आवाज येत राहतो. मीही फोन ठेवत नाही.