जिलेबी आहे
लग्नाच्या पंगतीत गरम जिलेबीचा वास आला की मी ताटावर हात आडवा धरते. चौथ्या महिन्यात सासूबाईंनी मला घोडेगावहून एसटीनं दूरच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीला नेलं. मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी, म्हणून डॉक्टर नुसतं म्हणाला, “जिलेबी आहे बरं का, आजी.” मुलाला पेढा आणि मुलीला जिलेबी, ही भाषा सगळ्यांना ठाऊक होती, मलाच नव्हती. मला वाटलं, माझ्या डोहाळ्यांचं चाललंय. मी लाजत म्हणाले, “मला लई आवडती.” सासूबाई म्हणाल्या, “आमाला नाय चालायची.” तिसऱ्या दिवशी गर्भ पाडला, त्यालाही घरात ‘पिशवी धुतली’ म्हणायचे. माझ्या लेकीबद्दल उभ्या जन्मात मी बोलले, ते तेवढंच: मला लई आवडती.