दाराबाहेरचा गोल किल्ला

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझी बायको गेली. सकाळी तिने चहा ठेवला होता. तो मी गाळला.

दाराबाहेर, सिंगापुरातल्या पुंगोल भागातल्या आमच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये, घमेल्यात तिचा किल्ला होता. दरवर्षी दिवाळीत ती करायची आणि तुळशीचे लग्न झाले की मी तो मोडून माती कुंड्यांत परत टाकायचो. त्या वर्षीचा किल्ला गोल होता. बुरूज नाही, दरवाजा नाही. मातीचे नुसते कडे आणि त्यावर उगवलेले अळीव. लायब्ररीतून तिने आयर्लंडच्या लोककथांचे पुस्तक आणले होते. तिकडे शेतांत अशी जुनी मातीची कडी असतात. त्यांत पऱ्या राहतात म्हणून शेतकरी त्यांना वळसा घालून नांगर फिरवतात.

"महाराज कुठे बसवायचे?" मी पुण्याहून आणलेला पुतळा हातात घेऊन विचारले.

"मधोमध. पऱ्यांनाही कुणीतरी राजा हवाच की."

"आयर्लंडच्या पऱ्या सिंगापुरात? त्यांना राहायचा पास कोण देणार?"

"तुमच्याआधी पीआर मिळाला त्यांना, कायमचं राहायला."

त्याच पुस्तकातून तिने आणखी एक सवय उचलली. बटाट्यांचे उकळते पाणी सिंकमध्ये ओतण्याआधी ती मोठ्याने म्हणायची, "बाजूला व्हा, पाणी येतंय!" अदृश्य मंडळींच्या अंगावर पडू नये म्हणून. मी पेपरमागून हसायचो.

ती गेल्यावर किल्ला मोडायचा राहिला. मोडवेना. अळीव वाळले, त्यात कुठलेसे गवत रुजले. मग इमारतीला रंग लागणार म्हणून कॉरिडॉर मोकळे करण्याची नोटीस आली. मुलगी म्हणाली, "बाबा, माती कुंडीत टाका ना. आईनेही तेच सांगितलं असतं." तिचे खरे होते. शनिवारी खुरपे घेऊन मी घमेल्यापाशी बसलो. दोनदा टोक कड्याला लावले, दोनदा मागे घेतले.

शेवटी खुरपे ठेवले. घमेले दोन्ही हातांनी धरले आणि म्हणालो, "बाजूला व्हा, हलवतोय." इतक्या मोठ्याने मी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो.

आतून नात बाहेर आली. "आजोबा, कोणाशी टॉकिंग?"

"भाडेकरूंशी."

तिने वाकून आत पाहिले. "नोबडी लाह," ती इथल्या सिंगापुरी ठेक्यात म्हणाली, पण घमेल्याची दुसरी बाजू तिने धरली. उंबऱ्यावर हिसका बसून कड्याचा एक तुकडा पडला. तो तिने थुंकी लावून परत चिकटवला. मला हसू आले.

किल्ला आता वॉशिंग मशीनशेजारी आहे. महाराज मधोमध आहेत. बटाट्यांचे पाणी ओतण्याआधी मी सांगतो.