डिंककाकांनी शिवलेली वही

डिंककाकांचं खरं नाव मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही त्यांना आलेल्या टपालाच्या पाकिटावरून. त्यांच्या बोटांवर डिंक कायम वाळलेला असायचा आणि बोलता बोलता ते तो सोलत बसायचे, म्हणून डिंककाका. माझ्या सासऱ्यांचे ते भागीदार. दोघांनी पुस्तकबांधणीचं दुकान काढलं तेव्हा कागद वगैरे काही केला नव्हता. सासरे म्हणाले, "तू शीव, मी गिऱ्हाईक बघतो." काका म्हणाले, "बरं." त्या एका शब्दावर दुकान एकतीस वर्षं चाललं. सासरे गेल्यावर त्यांच्या जागी आमचे हे बसले. काका यांना अरेतुरे करायचे, मला सूनबाई म्हणायचे.

बोलणं कमी, पण खोचक. यांनी एकदा पुठ्ठा तिरका कापला, तर म्हणाले, "असू दे, मान वाकडी असलेल्या माणसाला देऊ."

दर वर्षी उरल्यासुरल्या कागदाची एक वही ते मला शिवून आणून द्यायचे. "घ्या, तुमच्या देवाला अहवाल द्यायला." सकाळी देवापुढून उठले की मी पानाच्या माथ्यावर देवाचं नाव लिहून ठेवते, आणि दिवसाचं चार ओळींत त्याखाली. खोटं लिहायचं नाही, हा नेम. या नेमाचा मला फार ताठा होता. तो कसा उतरला, तेच आज लिहायला बसले आहे.

दोन वर्षांमागे काकांना दुकानाचा जिना चढवेना. म्हणाले, "मी आता घरी बसतो. कुणी फाटकी पुस्तकं आणली तर तेवढी शिवीन, हात रिकामे राहायला नकोत." हे म्हणाले, "मग भागीदारी सोडल्याचा रीतसर कागद करू." टायपिस्टकडून तीन पानी कागद आला. काकांचा चष्मा तेव्हा दुरुस्तीला टाकलेला. यांनी बोट ठेवलं तिथे सही करून ते घरी गेले.

दुपारी हे कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. मी शेंगा सोलत होते.

"साक्षीदार म्हणून सही कर इथे."

"मी कुठे होते तिथे?"

"अगं, काका काय परके आहेत? सही ओळखतेस ना त्यांची?"

ओळखत होते. हात पुसले. सहीच्या वर छापलं होतं, "उभयतांनी मजकूर वाचून, समजून, माझ्यासमक्ष सह्या केल्या." ते वाक्य मी वाचलं, आणि वाचूनही सही केली. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

त्या दिवशी वहीत लिहिलं: "शेंगा सोलल्या. काकांच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना काका समोर नव्हते." लिहिलं, आणि मोकळी झाले. जणू लिहिलं की फिटलं.

चार महिन्यांनी एका शाळेने ग्रंथालयातली जुनी पुस्तकं काकांकडे दुरुस्तीला दिली. यांनी काकांना नोटीस पाठवली, की कागदातल्या आठव्या कलमाप्रमाणे पाच वर्षं तुम्हाला या गावात बांधणीचं काम करता येणार नाही. मला हे जेवताना कळलं.

"असं कलम होतं त्यात?"

"सगळ्यांच्याच कागदात असतं. आज फाटकी पुस्तकं, उद्या माझी गिऱ्हाइकं."

"काकांना सांगितलं होतंत?"

"त्यांनी विचारलं नाही." मग ताटातून मान वर न करता हे म्हणाले, "ते वकिलाकडे गेलेत म्हणे. जाऊ देत. वाचून, समजून, अशी तुझी साक्ष आहे."

काकांना तेवढं एकच काम येत होतं. सत्तरीच्या माणसाने दुसरं काय शिकायचं?

दुसऱ्या दिवशी मी वहीतलं ते पान ओढून काढलं. यांनी सांगितलं नव्हतं, यांना ठाऊकही नव्हतं. माझं मीच. उद्या कुणी विचारलं तर माझ्याच अक्षरात माझं खोटं नको, एवढंच डोक्यात. केरात टाकवेना, वर देवाचं नाव होतं. म्हणून घडी करून पोथीत ठेवलं.

त्याच आठवड्यात काका आले. बाहेरच्या खोलीत, वह्यांच्या फळीशेजारच्या खुर्चीवर बसले.

"सूनबाई, एकच विचारायचंय. वकीलबाई म्हणतात, काय लिहिलंय ते समजलं नसेल तर ती संमती धरत नाहीत. आणि भागीदाराने भागीदारापासून लपवायचं नसतं, कागदात लिहिलेलं नसलं तरी. पण साक्षीदार आडवा येतो म्हणतात. मी सांगितलं, तिथे कुणी नव्हतं. तर त्यांनी तुमची सही दाखवली." बोटावरचा डिंक सोलत ते थांबले. "वय झालं माझं, विसरलो असेन. तुम्ही होता का हो तिथे?"

मी म्हटलं, "आठवत नाही, काका."

सवयीने त्यांनी फळीवरची वही घेतली आणि कण्यावरून अंगठा फिरवला. एक पान अर्धं बाहेर सरकलं. वाचायला त्यांनी वही उघडलीच नाही, नुसतं बोट आत घालून पाहिलं.

"दोरा तर शाबूत आहे. मग याच्या जोडीचं पान कुणीतरी ओढलंय. कागद मधे दुमडून शिवला की दोन पानं होतात. एक फाडलं की..." बोलणं तिथेच सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. लाज मला वाटायची, ती त्यांनाच वाटली. म्हणाले, "डिंक असला तर आणा, चिकटवून देतो."

मी आत जाऊन पोथी आणली. घडी उलगडून पान त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्हीच वाचा," ते म्हणाले, "तुमच्या देवाचं आहे."

तीन ओळी वाचायला मला किती वेळ लागला, सांगता येत नाही. संपल्यावर काका म्हणाले, "शेंगा सोलत होता होय! मला वाटलं, मलाच भ्रम झाला."

दुसऱ्या दिवशी यांना सांगून मी वकीलबाईंकडे गेले. हे म्हणाले, "आपल्याच घराविरुद्ध?" मी चपला घातल्या.

वकीलबाईंनी मी सांगितलं ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि मगच सहीला कागद पुढे केला. म्हणाल्या, "साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिलं तो. बास." इतकं साधं होतं. महिन्याभरात यांनी नोटीस मागे घेतली, आठवं कलम रद्द झालं, शाळेची पुस्तकं काकांकडेच राहिली. हे माझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतं बोलत होते. त्याचं मला काही वाटलं नाही, तो तेवढा अधिकार यांचा होता. काकांनी मात्र काही बोलून दाखवलं नाही.

यंदाही त्यांनी वही आणली. दारातच माझ्या हातात दिली. देवाच्या अहवालाचा विनोद या वेळी केला नाही.

"पानं मोजून घ्या, सूनबाई," ते म्हणाले.

चेष्टा होती की काय, विचारायचा मला धीर झाला नाही. तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहून मी एकेक पान मोजलं.