चाचणीत बोलायचं नाही

ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात मुलाखतींचा अभ्यास करण्यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि ते वापरायला सोपं आहे का हे तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पद्धत साधी. विद्यार्थ्याला संगणकापुढे बसवायचं, एक काम द्यायचं आणि तो कुठे अडतो ते बाजूला बसून टिपायचं. मदत करायची नाही, तोंड उघडायचं नाही.

नमुन्यासाठी खोट्या मुलाखती रचायचा मला कंटाळा आला. चाकणच्या एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांशी मी स्वतः बोलले होते, तेच सगळं, रेकॉर्डिंगसकट, त्यात भरलं. नावं काढून ‘कामगार सात’ वगैरे केलं आणि स्वतःवर खूश झाले.

तिसरी विद्यार्थिनी शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने थेट आली. नोकरी करून शिकणारी, एचआरमधली. ती पुढे वाकली तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र कीबोर्डवर आपटलं. तोच कारखाना. कंत्राटी माणसाला काढायला यांना कारणही लागत नाही.

तिला अपघाताबद्दलचं वाक्य शोधायचं होतं. चाचणी थांबवावी, तर का थांबवली हे तिला कळलं असतं. मी वहीत काहीतरी गिरवत राहिले. वाक्य तिला लगेच सापडलं. त्याच्याशेजारी एक छोटा त्रिकोण होता, जो माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. तिने तो दाबला आणि खोलीत कामगार सातचा आवाज आला.

“बोट गेलं तवा साहेब म्हनला, घरी लागलं म्हनून सांग. मॅडम, माझं नाव कुटं येनार न्हाई ना?”

मग माझाच आवाज. “अजिबात नाही. माझ्यावर सोडा.”

तिने शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. फॉर्मवर तिने ‘वापरायला अगदी सोपं’ यावर खूण केली, “येते मॅडम,” म्हणाली आणि गेली. आवाज ओळखला का, हे विचारणं म्हणजे सांगणंच होतं.

सगळी रेकॉर्डिंग मी त्याच दिवशी पुसली. दुसऱ्या दिवसापासून कामगार सातला फोन करायला लागले. तो कामावर आहे, एवढंच ऐकायचं असायचं. आठव्या दिवशी तो हसला. “रोज इचारताय मॅडम. काय झालंय का?”

“काही नाही,” मी म्हणाले. “सहज.”

“मग बरं. तुमी हाय म्हनून घोर न्हाई.”