गाडी हलकी केली तो हिवाळा

अबकैकला आम्ही राहायचो त्या इमारतीच्या मागे सिमेंटचं एक लहानसं अंगण होतं. चारी बाजूंनी उंच भिंत, कोपऱ्यात पाण्याच्या टाक्या, आणि टाक्यांच्या सावलीत नवऱ्याची मोटरसायकल. डांबरी रस्त्यावर चालते तशीच रेतीतही चालते, असली गाडी. तेलाच्या प्लांटवरचा त्याचा एक सहकारी कायमचा मायदेशी निघाला, त्याच्याकडून घेतलेली. त्या माणसाने हौसेने चढवलेलं सगळं सामानही सोबत आलं होतं. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या, मागे तिसरी, इंजिनाभोवती लोखंडी गार्ड, समोर भलीमोठी काच, जादाचे दिवे. नुसती उभी असली तरी वरातीला निघाल्यासारखी दिसायची.

नवऱ्याचा जीव त्या पेट्यांवर. एकदा इथून निघायचं, देश आडवा कापत थेट दुसऱ्या किनाऱ्यावरचं जेद्दा गाठायचं, तिथल्या बलदच्या, म्हणजे जुन्या शहराच्या गल्ल्यांत गाडी लावून चहा प्यायचा, असा त्याचा बेत होता. बेतात मी मागच्या सीटवर.

मला मागे बसायचा कंटाळा आला होता. चिपळूणला मी स्कूटी चालवत हॉस्पिटलात ड्यूटीला जायचे. इथे आल्यावर कितीतरी वर्षं बायकांना गाडी चालवायची मुभाच नव्हती. ती मिळाली तसं मी आधी कारचं लायसन्स काढलं आणि पुढे मोटरसायकलचंही. शिकवणाऱ्या शाळेतली गाडी लहानशी होती, तिथे सगळं सोपं गेलं. मग एका शुक्रवारी सकाळी गावाबाहेरच्या रेतीत मी नवऱ्याची गाडी हातात घेतली. जेमतेम थोडं अंतर गेले असेन. पुढचं चाक रुतलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. मला लागलं नाही. पण ती उचलायला गेले तर हलेना. म्हैस बसावी तशी बसली होती.

नवरा धावत आला, दोघांनी मिळून उभी केली. "बास," तो म्हणाला. "ही गाडी तुझ्यासाठी नाही." रागाने नव्हता म्हणाला, काळजीनेच म्हणाला. मला मात्र ते फार लागलं.

खालच्या मजल्यावर दापोलीकडचं एक कुटुंब राहायचं. त्यांना आम्ही भाई आणि भाभी म्हणायचो. भाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं सनाइयात, म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेज-वर्कशॉपच्या वस्तीत. मी रोज जिना चढउतार करून, पाण्याचे कॅन उचलून ताकद वाढवायला लागले होते. ते बघून भाई एकदा म्हणाले, "वयनी, ही कसली तालीम चाललीय?"

मी सांगितलं.

"तुम्ही किती वाढणार? गाडीचा भार काढा. ती उतरेल पटापट."

तेवढ्या बोलण्यावर आमचा तो हिवाळा गेला. अबकैकचा हिवाळा म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. शुक्रवारी नाश्ता आटोपला की आम्ही अंगणात उतरायचो. भाई नमाजाच्या वेळेला जाऊन पुन्हा यायचे. भाभी घरातून घावणे पाठवायच्या, सोबत नारळाचा गोड रस. बादली पालथी घालून मी त्यावर बसायचे आणि बोल्ट सोडवायचे.

आधी गाडी जोखली. घरातला, माणसं उभी राहतात तो वजनकाटा आणला. पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर. मग उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज. आकडे वाचायचं काम मुलीचं. ती तेव्हा सहावीत होती, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. काट्याशी पोटावर पालथी पडून ती ओरडायची, "पप्पा, डोन्ट ब्रीद!" जणू बापाच्या श्वासानेही गाडीचं वजन वाढणार होतं.

पहिल्या दिवशी लोखंडी गार्ड निघाले, मधला स्टँड निघाला, जादाचे दिवे आणि काच निघाली. बसण्याच्या जागेखाली जुन्या मालकाने पानेच पाने भरून ठेवले होते. त्यातले कुठले या गाडीला लागतात ते आम्ही एकेक लावून पाहिलं, बाकीचे भाईंनी दुकानात नेले. शिशाची बॅटरी काढून छोटी लिथियमची बसवली. ती हातात घेतल्यावर मुलगी म्हणाली, ही रिकामी आहे. मूळचा सायलेन्सर मला दोन्ही हातांनी उचलवत नव्हता, भाईंनी निम्म्या वजनाचा आणून बसवला. भाईंचं एकच सांगणं असायचं, "वरचा भार आधी. खालचा भार गाडीला धरून ठेवतो, वरचा पाडतो." म्हणून टाकीसुद्धा अर्धीच भरायची असं ठरलं.

उरल्या पेट्या. नवरा त्यांच्याकडे वळतच नव्हता. दर शुक्रवारी काहीतरी दुसरं काढायला शोधायचा. शेवटी मीच म्हटलं, "पेट्या काढूया ना."

"त्या राहू देत."

"सगळ्यात जास्त वजन त्यांचंच आहे."

"मग जेद्दाला कसं जायचं?"

"कधी जाणार आहोत आपण जेद्दाला?"

हे मी बोलायला नको होतं. त्याने हातातला पाना फडक्यात गुंडाळला आणि वर निघून गेला. आमची ओळख लग्नाआधीची. घरात अरे-तुरे चालतं, भांडणंही मोठ्याने होतात. पण तो गप्प झाला की मला सुचेनासं होतं. भाईसुद्धा उठले, म्हणाले, चला, आज एवढंच.

पुढच्या शुक्रवारी मी चहा ठेवेपर्यंत तो खाली गेला होता. खिडकीतून पाहिलं तर दोन पेट्या भिंतीशी ठेवलेल्या, तिसरीचे बोल्ट तो सोडवत होता. मी चहा घेऊन उतरले. कप पालथ्या बादलीवर ठेवला. तिसरी पेटी निघाली. मग त्याने पेट्यांची लोखंडी चौकट काढली, आणि खाली वाकून मागच्या सीटच्या पाय ठेवायच्या दांड्यांना पाना लावला. तिथे थांबला.

"हे काढलं तर तू पाय कुठे ठेवणार?"

"मी पुढे बसणार आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हसला आणि पाना माझ्या हातात दिला. बोल्ट गंजलेला होता, सुटायला वेळ लागला, पण त्याने हात लावला नाही.

भाईंनी रिकाम्या पेट्या नेण्याची तयारी दाखवली तेव्हा भाभींनीच त्या मागून घेतल्या. एकीत कांदे, एकीत बटाटे, एकीत गावाहून आलेली सुकी मासळी. झाकण घट्ट, वास बाहेर येत नाही, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

त्यानंतर मोटरसायकल मागे बांधून आम्ही दोन्ही कुटुंबं भाईंच्या पिकअपमधून रेतीच्या कडेला गेलो. आठवड्यात पाऊस पडून गेला होता, रेती दबली होती. टायरमधली हवा कमी केली आणि मी निघाले. गाडी हँडलला लगेच वळत होती. मला वाटलं, आता पडणारच नाही, आणि तेवढ्यात पडले.

नवरा धावला. चार पावलं आला आणि थांबला. हात मात्र पुढे केलेलेच राहिले.

पेशंटला उचलताना पाठीवर भार घ्यायचा नाही, गुडघ्यांवर घ्यायचा, हे मी नव्या नर्सेसना कित्येकदा शिकवलं असेल. मी गाडीकडे पाठ केली, सीटला टेकून खाली बसले, एक हात हँडलला, एक सीटखालच्या चौकटीला, आणि पायांनी मागे रेटत गेले. गाडी निघाली जमिनीवरून. उभी राहिली. भाभींनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने वाजवल्या नाहीत. तो पाठमोरा झाला आणि बराच वेळ उगीचच पिकअपच्या टायरकडे बघत राहिला.

परतताना भाईंनी जवळची वाट धरली आणि पिकअप सब्ख्यात घातली. सब्खा म्हणजे मिठाची सपाट जमीन, वर पांढरी पापडी, खाली चिखल. कोरडी असली तर दगडासारखी. पावसानंतर मात्र तिचा भरवसा नाही. मागची चाकं धुऱ्यापर्यंत आत गेली. नवरा आणि भाई खणत बसले, मुलीने चाकांखाली घालायला काटक्या गोळा केल्या, भाभी दुवा म्हणत राहिल्या. फोनला रेंज नव्हती. मी मोटरसायकल चालवत पिकअपच्या मागून आले होते, आणि पापडी माझ्या खाली मोडत नव्हती.

"जा तू," नवरा म्हणाला. "हायवेला कुणीतरी भेटेल. पांढरं चमकतं तिथून जाऊ नकोस."

मी गेले. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा बदू, वाळवंटातला उंटवाला, आपल्या जीपपाशी कॉफी उकळत बसला होता, लांबवर त्याचे उंट. माझं अरबी सगळं इथल्या दवाखान्यातल्या नोकरीतलं. कुठे दुखतं, श्वास घ्या, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवा. मी म्हटलं, "सय्यारा ताबाना." गाडी आजारी आहे.

त्याने माझ्या मोटरसायकलकडे पाहिलं. मी मान हलवली, दुसरी, तिकडे, म्हणून दाखवलं.

"तुझा माणूस कुठे?"

"चिखलात."

तो इतका हसला की कॉफी उतू गेली. पण लगेच उठला, जीपमधून दोर काढला. निघण्याआधी गाडीपाशी येऊन त्याने तिचं मागचं अंग एका हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाला, "खफीफ." हलकी आहे. एवढी वर्षं नोकरी केली, पण कौतुकाने माझी छाती तशी कधी भरून आली नव्हती.

त्याने घट्ट जमिनीवर जीप उभी केली, दोर टाकला, "यल्ला", चला, म्हणून ओढ दिली आणि पिकअप बाहेर आली. मग त्याने सगळ्यांना कॉफी पाजली. मुलीला खजूर दिले.

आता आम्ही थुवालला असतो, नवऱ्याची नोकरी इकडे आली म्हणून. जेद्दा अगदी जवळ, बलदला कारनेच जातो. भाई-भाभी कायमचे गावी गेले. मुलगी पुण्याला शिकते. गाडी आहे अजून. खरं सांगायचं तर समुद्राच्या वाऱ्यात हायवेवर ती कागदासारखी हेलकावते, आणि नवरा म्हणतो, थोडं वजन राहू द्यायला हवं होतं. असेल. मी चालवते ती सकाळी, किनाऱ्याच्या कच्च्या वाटेवर.

चालवताना रेती आठवत नाही, ते अंगणच आठवतं. ग्रीस लागलेल्या बोटांनी फाडलेला घावणा आठवतो. "आई, तेराचा पाना की चौदाचा?" असं मुलगी मराठीत विचारायची, कारण पान्याला पाना हाच शब्द तिला आमच्याकडून मिळाला होता. तिघं मिळून असं एकाच कामाला आम्ही त्यानंतर कधी बसलो नाही.